अक्षरी एक हजार मात्र

भायखळ्याला, डोळ्यांच्या दवाखान्यात
केसपेपरच्या खिडकीत मी बसते.
पेशंटचं नाव? चमन अली.
गाव? दायकुंदी. (दोनदा विचारलं.)
आडनाव?

मुलगा बाकाकडे वळला. बाकावर बाप,
एका डोळ्यावर पट्टी,
मांडीवर वाळल्या तुतींची पुरचुंडी.
"आडनाव नव्हतं, बाई.
पासपोर्टात हजारा लिहिलंय."

मी हजारे लिहिलं.
बोटांची सवय. मंचरला मामाच्या गल्लीत
पाच घरं आहेत हजाऱ्यांची.
वॉर्डबॉयनं हाक दिली तेव्हा दोघं उठले,
चमन अली, आणि काचबिंदूचे धोंडीभाऊ,
नि हातानंच एकमेकांना म्हणाले, तुम्ही आधी.

जेवणाच्या सुट्टीत सखीदाद, म्हणजे मुलगा,
डोंगरीत शिकलेल्या हिंदीत सांगत होता:
कुणी म्हणतं, चंगेजच्या फौजेची
हजाराची तुकडी मागं राहिली, ते आम्ही.
कुणी म्हणतं, छे, त्याच्याही आधीचे.
इथं मला सगळे नेपाळी म्हणतात.
आणि आता म्हणतो...

आता? मी घड्याळ पाहिलं.

आता म्हणजे बाप, आमच्या बोलीत.
तर आता म्हणतो, अमीराच्या काळात
इतके मारले की मोजणारा दमला,
हजारावर थांबला, तोच आकडा चिकटला.
खरं नाही ते. नाव त्याहून जुनं आहे.
पण आता तसंच सांगतो.

आमचे मास्तर छडी उगारून म्हणायचे,
शंभर मारीन नि एक मोजीन.
आम्ही हसायचो.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं,
आमचं सहस्र नि तुमचं हजार एकाच पोटचे.
डोंगरापलीकडे स चा ह होतो,
सप्ताहाचा हफ्ता होतो तसा.
"मग त्या स चं काय होतं?"
मला माहीत नव्हतं.

जायच्या दिवशी अनामत परत केली.
अक्षरी रुपये एक हजार मात्र.
मात्र म्हणजे?
म्हणजे एवढेच. पुढे कुणी वाढवू नये म्हणून.
"आणि कमी करू नये म्हणून
काय लिहितात?"

मागे रांग होती. मी शिक्का मारला.

फायलीत ते अजून हजारेच आहेत,
तालुक्याचा रकाना कोरा.
पुरचुंडी माझ्या खणात, टाचण्यांशेजारी.
दुपारी चहाबरोबर खाते, न मोजता.
गोड आहेत.
दाताखाली थोडी वाळू येते.