बारा गाड्यांची हकिगत

आमच्या खानदेशात भगत कमरेला दोर बांधून
बारा गाड्या ओढतो, अर्धं गाव त्यांत बसलेलं असतं.
माझ्या बापानं, सुपडू बाविस्करनं,
मुंबईत बारा गाड्या चालवल्या
आणि त्या कुठेच गेल्या नाहीत.

गोदीत खोकी उतरली तेव्हा
कस्टमचा कारकून तासभर अडून बसला.
मोटार म्हणावी, तर गिअर नाही, दिवा नाही, नंबर नाही.
खेळणं म्हणावं, तर उचलायला सहा हमाल.
शेवटी त्यानं लिहिलं, 'विजेचं फर्निचर',
आणि कात्रकशेठनी त्या दरानं जकात भरली.

शिवडीला गोदामांच्या मागे
शेठचं स्टार पार्क: एक पाळणा, एक आरसेमहाल,
एक मौत का कुवा, त्यातला मोटारसायकलवाला कायम आजारी.
तिथे आता खाली पोलादी पत्रा, वर खुराड्यासारखी जाळी,
आणि प्रत्येक गाडीच्या पाठीवर एक दांडा,
जाळीला जीभ लावून वीज पिणारा.
बाप ट्रामच्या तारेवरचा माणूस.
वर बघून एवढंच म्हणाला,
"ही तर तिचीच पोरं."

पहिला आठवडा वाया गेला.
कुणी कुणाला धडकेचना.
साचेवाले, हमाल, टॅक्सी धुणारी पोरं,
जन्मात पहिल्यांदा चाक हाताला लागलेलं,
अशी जपून चालवायची की बघवत नसे.
वळताना हात बाहेर काढायची.
चुकून घासली तर उतरून
रुमालानं रबर पुसायची, विचारायची,
"भाऊ, लागलं तर नाही ना?"

शेठनी बापाकडून पाटी रंगवून घेतली:
धडकावे. दंड नाही.
लोकांनी ती नीट वाचली
आणि आणखी सावध झाले.
दंड नाही असं लिहिलंय
म्हणजे कुठेतरी असणारच.

मग रविवारी आली फ्लोरिन डिमेलो,
रात्रभरात सात बाळंतपणं उरकून,
पांढऱ्या कपड्यांतच, डोळे तांबारलेले.
सात नंबरची पिवळी गाडी घेतली.
एक फेरी सरळ मारली.
दुसऱ्या फेरीला चाक गरकन फिरवलं
आणि हळबे नावाच्या हेडक्लार्कच्या बरगडीत
गाडी घातली.
जाळीतून ठिणग्या, हळब्यांची टोपी पत्र्यावर.
सगळे जागच्या जागी थांबले.
हळब्यांनी टोपीकडे पाहिलं. उचलली नाही.
दातओठ खात वळले, तिच्यावर चालून आले,
आणि धडकताना हसले.
बाप म्हणायचा, शहाळं फुटावं तसं हसले,
मी घाबरलोच, म्हटलं ह्या माणसाला काय झालं.

त्यानंतर रांग गोदामापर्यंत.
सासू आणि सून, अडत्या आणि हमाल,
चार आण्यांत तीन मिनिटं.
घंटा झाली की खाली उतरून
पुन्हा एकमेकांना वाट द्यायचे.

ट्राम बंद झाली त्या रात्री
बाप तिला पोचवायला गेला होता, मी खांद्यावर.
परतताना पार्कात शिरला, खटका दाबला,
सात नंबरमध्ये बसला.
अकरा गाड्या कडेला उभ्या.
त्यांच्यामधून तो किती वेळ फिरला कोण जाणे,
एकीलाही न धडकता.
वर दांडा जाळीवर घासत होता,
तोच आवाज. डोळे मिटले असते
तर मला वाटलं असतं, परळ नाका आला.

पुढचं थोडक्यात.
शेठ गेले, पट्टा संपला,
पत्रा कुर्ल्याला किलोवर गेला.
पाटी कुणी नेली माहीत नाही.
रबराचे पट्टे एका लाँचवाल्यानं नेले,
कडेला बांधायला, धक्का सोसायला.

भाऊच्या धक्क्यावर रेवसची लाँच धरताना
मी अजून त्या काळ्या रबरांत
बापाच्या हातचा पांढरा सात शोधते.
सापडत नाही. टायरच दिसतात.
परवा लाँच धप्पकन धक्क्याला लागली,
एक म्हातारबाबा अख्खेच माझ्यावर आले.
"लागलं तर नाही ना, बाई?"
"दंड नाही," मी म्हणाले.
ते गोंधळून बघत राहिले,
मग पिशवी सावरत उतरले.