घडीवर ठेवून कापा

भोसरीच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढली.
ड्रॉइंग समोर असलं की मला कशाची भीती नाही,
असं मी समजत होतो.

अप्पा बळवंत चौकात, गाइडांच्या ढिगामागून
दुकानदाराने एक पातळ पुस्तक काढलं,
शेवटच्या पानात घड्या घातलेले खाके.
"वहिनींना शिकायचंय वाटतं?"
मी हो म्हणालो. दुकानात गर्दी होती.

रात्री टेबलावर खाका पसरला,
कोपऱ्यांवर वजनं: बत्ता, लोणच्याची बरणी,
अडकित्ता, चष्म्याचं घर.
तुटक रेघ, अखंड रेघ, बाण उभ्या धाग्याकडे.
एवढं कळलं.
फक्त माप इंचात, तेही पाव नि अर्धा;
आम्ही केसाच्या जाडीवरून भांडणारे.

कडेला बारीक अक्षरात: माया अर्धा इंच.
कारखान्यात असं जास्तीचं ठेवलं
तर माल परत यायचा.
इथे ते शिवणीच्या पोटात ठेवतात,
अंग भरलं तर उसवून सोडायला.

शालनचे ब्लाऊज खळदकर टेलरकडे असत.
ऑपरेशननंतर ती त्याची पायरी चढली नाही.
"जुन्या मापावर शिवा," म्हणून मीच कापड देऊन आलो.
आलेला तिने एकदा घातला.
डावीकडे कापडाला धरायला काही नव्हतं.
तिने पिन लावली, मग ती काढली,
मग साडीच घड्या करून ठेवली.
मार्चपासून गाऊन, आणि दारावर बेल वाजली की ओढणी.

पुस्तकात साधा होता, कटोरी होता, बोट गळा होता.
छातीचा चौथा भाग, अधिक दीड.
पाठ घडीवर ठेवून कापा.
पुढचा भाग दुहेरी कापडावर.
पान उलटून पाहिलं, पुन्हा उलटून पाहिलं,
सगळीकडे अर्धीच बाई काढलेली.
उरलेली अर्धी कात्रीने समजून घ्यायची.

रविवार पेठेत हुकांचं पाकीट घेताना विचारलं,
दोन बाजू वेगळ्या असलेला खाका मिळतो का कुठे?
काउंटरवरचा पोरगा हसला,
"काका, माणूस दोन्हीकडून सारखाच असतो की!"
आत बटणं मोजणाऱ्या बाईंनी मान वर केली.
"अस्तर सुती न्या," एवढंच म्हणाल्या, "टीप टोचते."
आणि पैसे चोख घेतले.

मग घडी उघडली.
पेपरचे दोन मोठे कागद, एकावर उ, एकावर डा.
माप घेताना तिने ट्यूब बंद करायला लावली.
अंधारात टेप लावायचा, आकड्यावर अंगठा दाबायचा,
गॅलरीच्या उजेडात जाऊन वाचायचा, लिहायचा,
परत आत.
नऊ वेळा.
सहाव्या फेरीला समोरच्या सोसायटीतले देवधर
काय मोजताय म्हणून ओरडले.
मी म्हणालो, पडदे.

पहिला जुन्या चादरीतून.
कापड उलटं धरलं, डावं उजवीकडे गेलं;
रोज नव्या पोरांना हीच चूक दाखवून ओरडायचो मी.
ती हसली. बऱ्याच दिवसांनी पोटातून.
दुसऱ्याचा गळा एका अंगाला गेला.

तिसरा तिच्या हिरव्या खणाचा.
या वेळी ट्यूब तिनेच लावली.
कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली, आधी तिरकी, मग समोर.
वरच्या फळीवरचा डबा काढावा तसा हात उचलला.
"काखेत ओढतोय. पाव इंच."
द्या इकडे, सोडतो म्हणालो,
उसवायला ब्लेड घेऊन खुर्चीत बसलो.

ती तसाच घालून ओट्याकडे गेली.
"जेवण झाल्यावर देते," आतून म्हणाली,
आणि घेवडा मोडायला लागली.