खुणेचा धागा

वडाच्या पारंबीला हँगर अडकवून
बावीस वर्षं उभा आहे मी या टेबलामागे.
कोरेगाव पार्कातली ही गल्ली
मला पत्त्यांनी नाही, कपड्यांनी ठाऊक.

तीनशे दोन म्हणजे खळदकर सर.
शर्टाच्या खिशात खडूचा चुरा,
झटकला नाही तर इस्त्रीखाली डाग धरतो.
वर नाझनीन तांबोळी, नर्स,
सकाळी सातला युनिफॉर्म टाकायची,
म्हणायची, फार कडक नको, रात्रभर टोचतो.
वैद्यांच्या जुळ्यांचे पिनाफोर,
एकीचाच कायम शाईने माखलेला.

प्रत्येक घराला माझा एक धागा,
कॉलरच्या आत, तिळाएवढी गाठ.
सरांचा हिरवा, नाझनीनचा केशरी,
वैद्यांचा निळा. नाही, निळा आधी
लोबोबाईंचा होता,
त्या वारल्यावर वैद्यांना दिला.

आता सगळं पांढरं.
तीनशे दोन, चारशे एक, तळमजल्याचे दोन्ही,
चादरी, अभ्रे, टॉवेल,
एका मापाचे, एका वासाचे.
कोण झोपलं होतं ते कळत नाही,
आणि कळूच नये, असं मॅनेजर म्हणतो.
दाराला किल्ली नाही, आकड्यांची डबी.
शुक्रवारी येतात, रविवारी जातात,
चाकांच्या बॅगा फरशीवरून
खडखड, खडखड.

तक्रार करू कशी? काम वाढलंय.
दिवसाला चाळीस चादरी, पैसे वेळेवर.

पण कवडेवाडीत माझी खोली होती,
पत्र्याची, दहा बाय बारा,
टेबलापासून चालत सात मिनिटं.
मालक रंगनाथशेठ, भला माणूस,
माझ्याच घरचा चहा पिऊन म्हणाला,
"हिरामण, भिंतीवर चित्रं काढून घेतो, एसी बसवतो,
दोन रात्रींत सुटतं तुझं महिन्याचं भाडं.
तूच सांग, माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

मी सांगितलं नाही.
उत्तर येत होतं म्हणून.

आता मांजरीच्याही पुढून येतो, दोन बस बदलून.
सर सासवडला, भावाच्या घरी.
नाझनीन वाघोलीपलीकडे कुठेतरी,
ड्युटी तीच, रस्ता दीड तासाचा.
वैद्यांनी जाताना पत्ता दिला नाही,
मीही मागितला नाही.
इस्त्रीवाल्याला पत्ता कशाला?

परवा एक मुलगा खाली आला,
चुरगळलेला कुर्ता घेऊन, लग्नाला आलेला.
"काका, इथले लोक जेवतात कुठे?
पाहुण्यांचं हॉटेल नको,
अगदी इथल्या माणसांचं सांगा."

इस्त्री उभी करून ठेवली.
मग डबा उघडला त्याच्यापुढे:
भाकरी, मेथी, ठेचा.
तो हसला, त्याला वाटलं गंमत.
पण अर्धी भाकरी खाल्ली त्याने,
उभ्याउभ्याच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
ठेच्याने.

त्या दुपारी तीनशे दोनच्या चादरीला,
कोपऱ्यात, शिवणीच्या आतल्या बाजूला,
हिरवी गाठ मारली मी.
कशाला, ते विचारू नका.

मॅनेजरला सापडलीच.
"हे काय?"
"खूण."
"कोणाची?"

वडाचं एक पिकलं फळ
टपकन टेबलावर पडलं, लालभडक.
डाग पडायच्या आत
मी चादर बाजूला ओढली.