पत्ता अपुरा

बत्तीस वर्षं देवबागेत टपाल वाटलं मी.
एका हाताला दर्या, एका हाताला कर्ली नदी,
मधे वाळूची चिंचोळी जीभ; चुकायला जागाच नाही.
तरी गेल्या शिमग्यापासून दर शनिवारी
जयवंती कुबलच्या खळ्यात चुकलेली माणसं उतरतात.

बॅगा, पोरं, हवा भरलेली रबरी बदकं.
फोन पुढे धरून विचारतात, हेच ना घर?
घर हेच. खिडकीचा निळा रंग हाच.
दोरीवर वाळणारं लुगडंसुद्धा हिचंच.
पैसे मात्र घेतलेत भलत्यानं, आगाऊ,
दोन रात्रींचे, नाश्ता धरून.

पहिल्यांदा जयवंतीनं भात टाकला.
दुसऱ्यांदाही टाकला, भांडी आपटत.
तिसऱ्यांदा दारातच उभी राहिली:
"पैसे तेका आणि गाळी माका?"
मग माझ्याकडे आली, अर्ज लिहून दे म्हणाली.

मालवणच्या ठाण्यात हवालदारानं चहा पाजला,
म्हणाला, गुन्हा संगणकावरचा, ओरोसला जा.
ओरोसला म्हणाले, पैसे गेले पुण्याच्या माणसाचे,
फिर्याद त्यानं द्यायची, पुण्यात. तुमचं काय गेलं?
जयवंतीनं जरा विचार केला. "तांदूळ."
पर्यटनवाले नोंदलेल्या घरांचंच बघतात;
खोटं घर त्यांच्याकडे नोंदलेलं नव्हतं.
बँकेत खातं सापडलं, परराज्यातल्या एका हमालाच्या नावाचं,
त्याला बिचाऱ्याला त्याचा पत्ताच नाही.
कंपनीला तक्रार अधिकारी आहे, पण उत्तर यंत्र देतं:
आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.
आणि ते पान जिथं ठेवलंय तो देश तिसराच,
तिथवर आपला कायदा पोहत जाणार कसा.

आमच्या वेळी ज्याचा धनी सापडत नसे
त्या पत्रालाही एक कचेरी होती.
तिथला कारकून पाकीट फोडायचा, आत नाव हुडकायचा,
कुणाचं तरी ते असणारच, एवढं धरून.
ह्या अर्जावर सात शिक्के आहेत.
घडी अजून माझ्याच हातची आहे.

मे महिन्यात एक साहेब आले, बायको, दोन मुली.
फसलेले, सगळ्यांसारखेच. पडवीत बसून
फोनवर इंग्रजीत तापले, मग मराठीत, मग गप्प झाले.
कुठल्या खात्यात आपण? मी विचारलं.
ह्याच, म्हणाले. म्हणजे अगदी ह्याच नाही,
शेजारच्या. आम्ही धोरण ठरवतो, अंमल दुसरे करतात.
संध्याकाळी मोबारीला उभे राहून त्यांनीच विचारलं,
इथं नदी कुठं संपते नेमकी?
होडीवाला वाकला, ओंजळभर पाणी चाखलं,
म्हणाला, आज हयसर.
जयवंतीनं रात्री बांगड्याचं तिखलं वाढलं.
निघताना साहेबांनी फोन काढला, चौकोन कुठं आहे म्हणाले.
"रोख द्या," ती म्हणाली.

त्या फोटोत एक माड आहे, झोपाळा बांधलेला.
येणारा प्रत्येक जण झोपाळा विचारतो.
माड सासऱ्यानं लावलेला; चार वर्षांमागं
वादळात आडवा झाला, गोठ्यावरच.
बुंधा अजून तिथंच आहे, त्यावर ती सुंगटं सोलते.

श्रावणात ते पान गेलं. कुणी काढलं, कळलं नाही;
सगळ्यांनी आपापल्या फायलीवर 'निकाली' लिहिलं.
दोन शनिवार खळं रिकामं.
बरां झाला, जयवंती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं,
"तो फोटो तुझ्या फोनात आसा काय रे?"
नव्हता.

चवथीच्या आधी घर पुन्हा उगवलं,
नाव दुसरं, दोनशे रुपयांनी स्वस्त.
मी कोरा कागद घेऊनच गेलो.
तिनं चष्मा लावला, चित्र दोन बोटांनी मोठं केलं,
आणि शेंड्याकडचे नारळ मोजत बसली.