टिंब, मग भाव

मालीमच्या जेटीवर पहाटे लिलाव होतो
आणि सोसायटीचा लवू तारी आठ वाजता
भाव वेबपानावर चढवतो, एका बोटाने.
मी पर्वरीत, टायरच्या दुकानावरच्या खोलीत,
ते पान उतरवून घेते
अकरा हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी.

पान म्हणजे जाळं आणि गाळ एकत्र.
डिव्हच्या आत डिव्ह, त्यातही डिव्ह,
बँकेची जाहिरात, अध्यक्षांचा हसरा फोटो,
कुठल्याशा जुन्या वर्षापासून सरकत राहिलेली लाल सूचना.
मला यातलं काही नको.
मी एवढंच म्हणते: ज्यांच्या अंगावर भाव लिहिलंय
तेवढे पुढे या.
टिंब, मग भाव.
येतात. कुठल्या कुठल्या रकान्यांतून निथळत येतात,
एकशेदहा, नव्वद, सातशे वीस,
मुडदुशीचे वेगळे, इसवणाचे वेगळे,
बाकी पान किनाऱ्यावर पडून राहतं.

पायथनमध्ये क्लास हा शब्द आधीच राखीव आहे.
म्हणून लिहिताना शेवटी, खालच्या अंगाला,
एक आडवी रेघ ओढावी लागते.
शिकत होते तेव्हा मी तिला शेपटी म्हणायचे.
अजूनही म्हणते, कुणी नसताना.

लवू कधीकधी एकाच रकान्याला दोन क्लास देतो,
भाव आणि उरलेले,
मध्ये फक्त एक स्पेस.
तो रकाना दोन्ही हाकांना ओ देतो.
आधी मला ती लवूची चूक वाटली.
मग आठवलं, मी आईशी भांडते कोंकणीत,
हिशेब इंग्रजीत करते, आणि हे लिहितेय मराठीत.
शिरगणतीवाला आला होता तेव्हा
त्याच्या कागदावर मातृभाषेला एकच ओळ होती.
आईने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

एक जूनला बोटी बांधून ठेवल्या.
यादी रिकामी आली:
दोन चौकोनी कंस, मध्ये काही नाही.
बरोबरच होतं ते.
एकसष्ट दिवस मी ते काही नाही
रोज सकाळी अकरा ठिकाणी पाठवलं, वेळेवर, बिनचूक.
एक ऑगस्ट. कंस रिकामे.
दोन ऑगस्ट. रिकामे.
मी शेफ लोकांना कळवलं,
समुद्र खवळलाय, बोटी अजून गेलेल्या नाहीत.
हे कशावरून, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

तीन तारखेला जिन्याच्या तोंडाशी
पेर्पेतबाय पाटी टेकवून बसलेली.
बर्फाचं पाणी टायरांखालून रस्त्याकडे निघालेलं.
"कितें गो, नुस्तें नाका?"
बांगडे. डोळे अजून काचेसारखे.
"हे कधीचे?"
"काल सांजेचे. पयर लेगीत आयिल्ले."

वर जाऊन पान उघडलं,
या वेळी प्रोग्रॅमने नाही, डोळ्यांनी.
सगळे भाव होते. तीनही दिवसांचे, नीट, तारीखवार.
बंदीच्या दिवसांत लवूने पुतण्याकडून
पान नवं करून घेतलं होतं.
भाव हे नाव जाऊन तिथे आता
एक्स-सात-क्यू असं काहीतरी,
ज्याला ना खवले ना वास.
मी जुन्या नावाने हाका मारत राहिले,
ओ आली नाही, तर ठपका ठेवला समुद्रावर.
आणि यंत्र एकदाही ओरडलं नाही.
त्याच्या लेखी न सापडणं आणि नसणं
एकाच कंसात बसतं.

नाव बदलायला अर्धं मिनिट लागलं.
शेफना काय लिहायचं, यात अकरा वाजले.

खाली आले तर पाटीत सहाच बांगडे.
"कितले?"
पेर्पेतबायने आधी माझ्या चपला बघितल्या,
मग गळ्यातलं ऑफिसचं कार्ड,
मग मला,
आणि भाव सांगितला.