बिनमिठाची आमटी

मुद्दामच नाही घातलं मीठ.
बघायचं होतं, ताट कुठवर उडतं.

पूर्वी खिडकीपर्यंत उडायचं.
कोपरखैरण्याच्या ह्याच सिडकोच्या खोलीत.
ओट्याच्या वर तो पिवळा डाग
एकोणनव्वदच्या डाळीचा.
तीनदा रंग दिला, तरी खालून वर येतो.

कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी, हातात हूक.
"सर्जेराव आला" म्हटलं की
गाळ्यावरचा शेठसुद्धा बिडी विझवायचा, म्हणे.
घरी आले की हूक दाराआडच्या खिळ्याला.
आवाज टांगायला खिळा नव्हता.

मी तेव्हा फरश्या मोजायची.
स्वयंपाकघरात अठ्ठावीस, आणि मोरीपाशी एक अर्धी.
त्यांचं बोलणं संपेपर्यंत
किती वेळा अठ्ठावीसवर पोचले,
हा हिशेब कुठल्या पतपेढीत नाही.

मोजता मोजता उत्तरं रचली.
एकेक, घासूनपुसून.
पोरगी मोठी होऊ दे, मग बोलेन.
तिचं लग्न होऊ दे, मग.
एक दिवस गुडघा धरून जिना चढताना कळलं,
भीती संपलीय.
कधी संपली कोण जाणे,
डब्यातला गूळ संपतो तशी.

पण तोवर इकडं भलतंच होऊन बसलेलं.
आधी वाटलं, साखर वाढली असेल.
वाशीचा डॉक्टर म्हणाला, सगळं ठीक आहे, वय झालंय.
वय होतं म्हणजे नेमकं काय होतं,
ते त्याच्या कागदावर नव्हतं.

हे आता साखरेतल्या मुंग्या
फुंकर घालून बाहेर सोडतात.
भाजीवाल्याकडून दोन रुपये जास्त आले
तर भर उन्हात परत द्यायला जातात.
"चहा घेऊ का गं?" मला विचारतात,
दारात उभं राहून, चपला हातात.

निर्मला म्हणते, नशीब काढलंस,
माझा पाठवते महिनाभर तुझ्याकडं.
मी हसते.
काय सांगू तिला,
ज्याला द्यायची होती ती उत्तरं
तो माणूस न सांगता खोली सोडून गेला,
आणि त्याच्या बनियनमध्ये
हा कोण सज्जन म्हातारा राहायला आलाय.
ह्याला काय बोलू?
ह्यानं माझं काय केलंय?

तर आमटी.
त्यांनी भुरका मारला. थांबले.
माझ्याकडं बघितलं, मग वाटीकडं.
"चांगली झालीय," म्हणाले,
आणि वाटी पुन्हा पुढं केली.

मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला.

गेल्या सोमवारी रेशनच्या दुकानात
ह्यांचा अंगठा उमटेना.
गोण्यांनी रेषाच ठेवल्या नाहीत,
मशीन आपलं लाल दिवा दाखवतंय.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
ए म्हाताऱ्या, हो बाजूला.
हे झाले बाजूला.
वर म्हणाले, "माफ करा."

"कुणाला म्हातारा म्हणतो रं बेण्या?
गाळ्यातनं उचलून रस्त्यावर टाकीन!"

शब्द न् शब्द त्यांचा.
तो 'रं' त्यांचा. काउंटरवर आपटलेला पंजा त्यांचा.
बाहेर पडला माझ्या तोंडातून.
दुकान चिडीचूप.
पोरानं मुकाट वही काढली,
सही घेऊन तांदूळ मापले.

खोटं कशाला बोलू, तोंडाला गोड चव आली.
चाळीस वर्षांचं एका दमात.
पिशवी घ्यायला वळले,
तर हे भिंतीला टेकलेले,
पिशवी पोटाशी घट्ट, मान खाली,
ओठ हलतायत.

फरश्या मोजत होते.

हाक मारणार होते, नाही मारली.
मध्येच तोडलं की
पुन्हा एकपासून सुरू करावं लागतं,
मला माहीत आहे.
तांदळावर हात ठेवून उभी राहिले
त्यांचं होईपर्यंत.