उसनं नाक

औषधी गांजाचं कार्ड. नाव ओडेट थिबोडो,
फोटोत मी अजून केसांसकट.
काउंटरवर अकरा बरण्या,
नावं शर्यतीच्या घोड्यांना शोभावीत अशी:
धुक्यातला पाद्री, निळं खेचर.

चाळीस वर्षं लुइस्टनच्या कारखान्यात बूट शिवले,
चामडं हुंगून सांगायचे, पाठीचं की पोटाचं.
केमोनं ते नाक नेलं.

"वास घेऊन बघा," हार्लो म्हणाली.
मी नाकावर बोट ठेवलं: बंद आहे.
मग तीच हुंगत गेली, माझ्यासाठी.
ही ओल्या तंबूसारखी.
ही, संत्र्याचं साल नखात अडकतं ना, तशी.
ही...
आणि झाकण लावायचंच विसरली.
"बाबांची जीप," एवढंच.

टक्के मी वाचले नाहीत.
म्हटलं, हीच दे. थोडीच.

रात्री खिडकी किलकिली, बाहेर बर्फ.
एक झुरका, ठसका, मग बराच वेळ काहीच नाही.
मग दुखणं उठलं
आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसलं,
कोट न काढता, निघायच्या बेतातल्या पाहुण्यासारखं.

मी त्याला विचारलं,
जीपला वास कसला येतो रे?